लुगडी, धोतरं आणि ५०४ त्रिकोण : एका गोधडीच्या नोंदी

६ नोव्हेंबर २०२४, बुधवार, अमळनेर

भाऊबीज आटोपून नणंदबाई काल सुरतेला परत गेल्या. निघताना गाठोडं माझ्या हातात दिलं. "वहिनी, दादांचे कपडे असेच पेटीत राहिले तर कसर लागेल. याची गोधडी करा, मी तिकडे नेईन." दादा म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

गाठोडं आज उघडलं. तीन धोतरं, नऊ शर्ट. त्यात सासूबाईंनी आपल्या पेटीतली दोन लुगडी आणि चार सुती पातळं घातली. शर्टांपैकी चार टेरिकॉटचे निघाले. ते बाजूला ठेवताना जीव थोडा झाला, पण सुती कापडाशेजारी टेरिकॉट लावलं की दोन धुण्यांतच सुती तुकडा आकसतो, टेरिकॉट तसंच राहतं आणि शिवण चुरमुडते. इस्त्रीही दोघांना वेगवेगळी लागते. पाच शर्ट राहिले.

आमच्याकडची गोधडी म्हणजे ठिगळं जशी हाताला येतील तशी लावायची आणि धावदोरा घालायचा. सासूबाईंनी आयुष्यभर तशाच शिवल्या, आणि त्या वीस वीस वर्षं टिकल्या. मला या वेळी वरचा थर त्रिकोणांचा करायचा आहे, मोजूनमापून. दोन त्रिकोण तिरप्या शिवणीनं जोडले की एक चौकोन होतो, अर्धा गडद, अर्धा फिका. इंग्रजीत त्याला हाफ स्क्वेअर ट्रँगल म्हणतात. मी वहीत "जोडचौकोन" लिहिते.

८ नोव्हेंबर

सगळं कापड गरम पाण्यात भिजवून धुतलं, वाळवलं. एका लुगड्याचा चॉकलेटी रंग अजून सुटत होता, त्याला तीन पाणी द्यावी लागली. धोतराशेजारी लावायचं म्हटल्यावर यात आळस करून चालत नाही.

नंतर खळ. साबुदाणा शिजवून, गाळून, पातळ केलेली. आपल्याकडे सुती साडीला द्यायचे तीच, फक्त जरा दाट. धोतर वर्षानुवर्षं धुऊन इतकं मऊ झालंय की खडूची रेघ ओढताना खडूबरोबर कापडच पुढे सरकतं. खळ देऊन दमट असतानाच इस्त्री केली तेव्हा ते कागदासारखं उभं राहिलं. त्रिकोणाच्या कामात ही खळ कापण्याआधीच द्यायची. कापल्यावर द्यायला गेलं की ओल्या तिरप्या कडा ओढल्या जातात.

११ नोव्हेंबर, सोमवार

आज हिशोब. कात्री अजून डब्यातच आहे.

जोडचौकोन शिवून झाल्यावर ४ इंची हवा. आडवे १४, उभे १८, म्हणजे २५२ जोडचौकोन, ५०४ त्रिकोण. पदर, म्हणजे गोधडीचा वरचा थर, ५६ बाय ७२ इंच. भोवती ३ इंची काठ धरला तर ६२ बाय ७८. एका माणसाच्या पांघरुणाला पुरून उरेल.

आता त्यासाठी चौकोन केवढा कापायचा? साधा चौकोन असता तर चारी बाजूंना पाव इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारं जादा कापड, ठेवून साडेचार इंच पुरले असते. त्रिकोणात ते पुरत नाहीत, कारण तिरप्या शिवणीलाही माया लागते, आणि तिरप्या बाजूची पाव इंच माया सरळ बाजूवर मोजली की पाव इंचाच्या १.४१४ पट भरते. दोन सरळ कडांची माया अधिक ही तिरपी, मिळून ०.८५४ इंच. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. जवळचं माप सात सूत, म्हणजे ०.८७५. म्हणून पुस्तकी नियम असा : तयार माप अधिक सात सूत. चार इंच सात सूत.

मी पूर्ण पाच इंच कापणार. एक सूत जास्त घ्यायचं आणि शिवून झाल्यावर छाटून नेमकं साडेचार करायचं. कापड थोडं वाया जातं हे खरं. पण जुनं कापड नव्यासारखं वागत नाही. त्याचा उभा धागा एकीकडे झिजलेला, आडवा दुसरीकडे ओढलेला. नेमकं कापून नेमकं शिवायला गेलं की टोक हमखास मायेत गडप होतं. त्रिकोणाचं टोक गेलं की डोंगर जाऊन ढिगारा उरतो.

सासूबाई पलंगावर बसून माझं आकडेमोडीचं पुटपुटणं ऐकत होत्या. म्हणाल्या, "कसाले एवढं मोजस व?" एवढं मोजतेस कशाला. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. वहीतलं त्यांना काही दिसत नाही, पण पेन्सिलीचा आवाज बरोबर ऐकू येतो. मी म्हटलं, "आई, तुमच्या बोटांत माप आहे. माझं अजून वहीत आहे."

१४ नोव्हेंबर

मशीनच्या पाव इंचाची परीक्षा घेतली. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी जोडायच्या. माया बरोबर असेल तर मधली पट्टी नेमकी एक इंच दिसते आणि सगळं मिळून साडेतीन इंच भरतं. माझं भरलं तीन इंच तीन सूत. म्हणजे टीप आत पडत होती.

एका सुतानं काय बिघडतं असं कुणालाही वाटेल. दोन शिवणींत एक सूत गेलं, म्हणजे एका शिवणीत अर्धं. आडव्या ओळीत १३ शिवणी. साडेसहा सूत, म्हणजे पाऊण इंचाहून जास्त. एक ओळ इतकी आखूड आणि दुसरी नीट, मग त्या एकमेकींना जोडायच्या कशा?

सुईपासून पाव इंचावर पत्र्यावर चिकटपट्टीचे सात-आठ थर एकावर एक चिकटवले. कापड त्या धक्क्याला टेकवून चालवायचं. दुसऱ्या खेपेला साडेतीन भरले. दुपारी वीज गेली, पण माझी मशीन पायाची आहे.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज चूक झाली आणि ती मोठी आहे. सविस्तर लिहून ठेवते.

मोबाइलवर एक झटपट पद्धत पाहिली होती. दोन चौकोन समोरासमोर ठेवायचे, चारी कडांनी पाव इंचावर टीप मारायची, मग कर्णावर दोन काप द्यायचे. एका फटक्यात चार जोडचौकोन. सव्वासात इंचाचे चौकोन घेतले, सहा जोड्या, दोन तासांत २४ तुकडे तयार. हात भराभर चालला म्हणून फार बरं वाटलं.

इस्त्री करायला घेतले आणि पहिलाच तुकडा पतंगासारखा तिरका झाला. दुसरा फुगला. मोजले तर एका बाजूनं पावणेपाच, दुसऱ्या बाजूनं साडेचारलाही कमी. दहा मिनिटं नुसती बघत बसले, मग कारण कळलं. या पद्धतीत शिवण पडते सरळ धाग्यावर, आणि कर्णावर कापल्यामुळे तुकड्याच्या चारही बाहेरच्या कडा उरेब, म्हणजे धाग्याला तिरप्या, होतात. ब्लाउजच्या गळ्याला उरेब पट्टी आपण मुद्दाम लावतो, ती ताणली जाते आणि वळते म्हणूनच. तोच गुण इथे दोष. गोधडीच्या तुकड्याची कड ताठ हवी. नवीन कोऱ्या कापडावर, भरपूर खळ देऊन, ही पद्धत कदाचित निभेलही. तीस वर्षं वापरलेल्या धोतरावर नाही.

नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहिला : उरेब कड शिवणीत गेली पाहिजे, बाहेर सरळ धागाच यायला हवा.

मग योग्य रीत ती जुनीच. दोन चौकोन समोरासमोर, फिक्याच्या उलट्या बाजूला खडूनं एक कर्ण, त्या रेघेच्या दोन्ही बाजूंनी पाव पाव इंचावर टीप, आणि मग रेघेवर काप. उरेब कड उघडी पडायच्या आधीच शिवणीनं बांधली जाते. मोठ्या कापडाला याचीच वाढीव रीत आहे : दहा इंचाचे चौकोन, दोन्ही कर्ण आखायचे, चार टिपा, मग उभा, आडवा आणि दोन्ही तिरपे काप. आठ जोडचौकोन मिळतात आणि आठांच्याही बाहेरच्या कडा सरळ धाग्याच्या.

२० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. सकाळी सगळे मतदान करून आलो. नंतर संध्याकाळपर्यंत कापत होते. लुगडी-पातळांचे दहा इंची १६ जोड, शर्टांचे पाच इंची ६२ जोड. १२८ अधिक १२४, बरोबर २५२. बिघडलेले २४ उशीच्या अभ्र्यासाठी ठेवले.

२४ नोव्हेंबर, रविवार

इस्त्री आणि छाटणी. इस्त्री फिरवायची नाही, ठेवायची आणि उचलायची. फिरवली की शिवणीजवळचं उरेब कापड इस्त्रीच्या नाकापुढे पळतं. आधी शिवण मिटलेली असतानाच दाबायची, टीप बसते. मग उघडून माया गडद कापडाकडे वळवायची, फिक्या धोतराखालून काळी कड दिसायला नको.

छाटायला काचेचा साडेचार इंची चौकोन वापरते, त्यावर कर्णाची रेघ मार्करनं काढली आहे. रेघ शिवणीवर ठेवायची, दोन बाजू छाटायच्या, फिरवायचं, उरलेल्या दोन छाटायच्या. तासाला तीसेक होतात. कंटाळवाणं काम, पण पुढचं सगळं यावर उभं आहे. टोकांना उंदराच्या कानांसारखे जे बारके कोपरे बाहेर येतात ते इथेच उडवायचे, नाहीतर ओळी जोडताना आत गाठी होतात.

२८ नोव्हेंबर

एका शर्टाचा खिसा उसवला. विटून राखाडी पडलेला शर्ट, ऊन खाऊन खाऊन. खिसा निघाला तर त्याखाली हातभर लांबून दिसेल असा निळा चौकोन. शर्ट विकत घेतला तेव्हाचा रंग, इतकी वर्षं खिशाखाली झाकून राहिलेला. खालच्या कोपऱ्यात शाईचा हरभऱ्याएवढा डाग. सासऱ्यांचं पेन नेहमी पाझरायचं, गिरणीत असताना आणि नंतरही.

कापडाला टाक्यांच्या छिद्रांची रांग पडली होती. पाण्याचा हात लावून नखानं घासली तेव्हा धागे जवळ आले. जेमतेम पाच इंच निघाले. डागासकट कापलं. यातून दोन जोडचौकोन होतील आणि ते मध्यावर जातील, एवढं नक्की.

१ डिसेंबर, रविवार

मांडणी. या सगळ्या खटाटोपात मला सगळ्यात जास्त ओढ होती ती या दिवसाची.

मधल्या खोलीच्या भिंतीवर जुनं लोकरी ब्लँकेट खिळ्यांना ताणून टांगलं. सुती तुकडा त्यावर नुसता टेकवला की चिकटून राहतो, टाचणी लागत नाही. जमिनीवर मांडलं की वाकून बघावं लागतं, खालची ओळ मोठी आणि वरची लहान दिसते, आणि पंखा लावता येत नाही.

जोडचौकोनाची गंमत अशी की एकच तुकडा चार तऱ्हांनी ठेवता येतो. चार तुकड्यांचा गट केला आणि गडद बाजू एकीमागे एक फिरत ठेवल्या की भिंगरी होते. गडद बाजू आत वळवल्या की मध्ये हिरा. दोन गडद त्रिकोण एकमेकांना पाय लावून एकाच दिशेला ठेवले, की मोठा त्रिकोण. तेच पुढे पुढे लावत गेलं की उडत्या बगळ्यांची माळ. अमेरिकेत तिला फ्लाइंग गीज म्हणतात, रानहंसांवरून. आमच्याकडे बोरीच्या पात्रावरून संध्याकाळी बगळेच जातात.

आधी ६३ भिंगऱ्या लावून पाहिल्या. वही-पेन्सिलीत फार सुरेख दिसल्या होत्या. भिंतीवर नुसता कलकलाट. नजर कुठे ठरेना. शिवाय भिंगरीच्या मध्यावर आठ त्रिकोणांची टोकं एका ठिकाणी येतात. मायेसकट ती गाठ इतकी जाड होते की गोधडीची सुई तिथे अडून बसेल. ती गाठ पसरायची युक्ती आहे : मध्यावरचे दोन-तीन टाके उसवायचे आणि माया चक्रासारख्या एकाच दिशेनं फिरवून दाबायच्या. एका भिंगरीत ठीक, ६३ भिंगऱ्यांत माझ्यानं होणार नाही.

मग दुसरी मांडणी. मध्यापासून सुरुवात करून चारी दिशांना गडद-फिके पट्टे, एकात एक हिरे. तिकडे हिला बार्न रेझिंग म्हणतात, गावानं मिळून कोठार उभं करण्याच्या चालीवरून. मला दिवाळीच्या डब्यातलं दिसलं, शंकरपाळ्यात शंकरपाळं. १४ आणि १८ दोन्ही सम आहेत, त्यामुळे मध्य बरोबर चार तुकड्यांच्या कोपऱ्यावर येतो आणि चारही बाजूंना ७ बाय ९ असे सारखे भाग पडतात. एक भाग नीट लावला की उरलेले तीन आरशातल्यासारखे.

निळे दोन तुकडे मध्यावर समोरासमोर.

रात्री फोनवर काळा-पांढरा फोटो काढला. रंग निघून गेले की गडद-फिकं उरतं, आणि मांडणी उभी असते ती त्यावर. एक मोठी गफलत तिथेच सापडली. पोपटी पातळ आणि केशरी पातळ यांची जोडी मी मोठ्या हौसेनं केली होती. डोळ्याला किती वेगळे दिसतात! फोटोत दोन्ही एकाच राखाडी रंगाचे, त्रिकोण गायब, आठ नुसते चौकोन. ती जोडी काढली, पोपटीला धोतर जोडून नवे आठ करणार. केशरी काठाला लावीन.

३ डिसेंबर, मंगळवार

दिवसभर भिंतीसमोर. तुकडा उचल, फिरव, मागे जा, बघ. संध्याकाळी वाटलं, झालं.

दिवे लागणीला सासूबाई भिंत धरत धरत आल्या आणि दारातच थांबल्या. तिथून भिंत दहा-बारा फूट. त्यांना माणसाचा चेहरा त्या अंतरावरून ओळखू येत नाही. बराच वेळ बघत राहिल्या. मग काठी उचलून दाखवली. "हाऊ तुकडा उलटा शे."

मी म्हटलं, आई, कुठला?

"आठे उजेड जोयजे, तठे अंधार व्हयी ग्या." इथे उजेड पाहिजे, तिथे अंधार झालाय.

जवळ जाऊन बघितलं. उजवीकडून तिसऱ्या रांगेत, खालून पाचवा. चॉकलेटी लुगडं आणि रेघांचा शर्ट. बारीक रेघांकडे बघण्याच्या नादात मी तो दिवसभरात वीस वेळा पाहिला असेन, आणि फोटोतही सुटला. त्यांना रेघ दिसत नाही, फुलं दिसत नाहीत, काठ दिसत नाही. त्यांना फक्त उजेड कुठे आणि अंधार कुठे एवढंच दिसतं, आणि मांडणी पारखायला नेमकं तेवढंच लागतं. जाणत्या बायका यासाठी डोळे किलकिले करून बघायला सांगतात. त्यांचे डोळे तर गेली तीन वर्षं तसेच आहेत.

खुर्ची दारात आणून त्यांना बसवलं. मग दोघींनी रात्री साडेनऊपर्यंत काम केलं. त्या काठीनं दाखवायच्या, मी फिरवायची. अकरा तुकडे बदलले. त्यांतले दोन त्यांनी सांगितले तसे बदलून पाहिले आणि मग पुन्हा माझे ठेवले, कारण तिथे फिक्या बाजूला शर्टाच्या काजाची रेघ येत होती. बाकी नऊ त्यांचेच बरोबर होते. गोधड्या त्यांनी आजवर अंदाजानं शिवल्या असं मी समजत होते. त्यात असा हिशोब होता हे मला आज कळलं.

प्रत्येक तुकड्याला ओळ आणि रांग लिहिलेली चिठ्ठी टाचली. या कामात कंटाळा करायचा नाही, ब्लँकेटवरून मशीनपर्यंत जाता जाता तुकडा हातात फिरतो.

७ डिसेंबर

चंपाषष्ठी. भरीत-भाकरी, बामणोदची वांगी मिळाली. काम बंद.

९ डिसेंबर, सोमवार

सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. सकाळी नेलं, संध्याकाळी घरी. दवाखान्यात बसल्या बसल्या चिठ्ठ्यांची यादी पुन्हा तपासली. डॉक्टरांनी थेंबांचं वेळापत्रक लावून दिलंय : काही दिवस वाकायचं नाही, धूर-धूळ नको, सुईकाम तर नाहीच.

१५ डिसेंबर

ओळी जोडणं चालू. दर ओळीची माया एकाआड एक दिशेला दाबली. पहिली उजवीकडे, दुसरी डावीकडे. म्हणजे दोन ओळी समोरासमोर ठेवल्या की शिवणी एकमेकींत खाच बसल्यासारख्या अडकतात, बोटाला ते कळतं, आणि कोपरे आपोआप जुळतात. तिरप्या शिवणी जिथे मिळतात तिथे उलट बाजूला टाक्यांची फुली दिसते. टीप नेमकी त्या फुलीतून गेली तर टोक वाचतं. खाली गेली तर टोक कापलं जातं, वर गेली तर टोक हवेत राहतं.

आज सहा ओळी. दोन ठिकाणी उसवलं. चौथ्या ओळीत एक टोक सूतभर कापलं गेलंय, ते तसंच ठेवलं. धोतराचं कापड तिथे एकदा उसवून झालंय, दुसऱ्यांदा फाटेल.

१९ डिसेंबर, गुरुवार

पदर पूर्ण. कडांची माया सोडून ५६ इंच, ७१ इंच सात सूत. एवढ्या शिवणींत एक सूत कमी.

सासूबाईंची पट्टी कधीच निघाली होती, पण पदर त्यांच्यासमोर मी आज पहिल्यांदा उलगडला. हिऱ्यांकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. मधल्या निळ्यावर हात ठेवला. "निळा व्हता व माय हाऊ!" मग डागावर बोट नेलं. "हाऊ त्यासना शर्ट शे." त्यांच्या मनात हा शर्ट कित्येक वर्षं राखाडीच होता. एक तर तो विटलेला, आणि दुसरं म्हणजे मोतीबिंदूचं भिंग पिवळट होत जातं तसा निळा रंग आधी मरतो. डॉक्टर म्हणालेच होते की निळं आता जास्तच निळं दिसेल. त्या डावा डोळा झाकून बघायच्या, मग उजवा झाकून, पुन्हा डावा.

मग मात्र त्यांना रंगांचंच वेड लागलं. हा केशरी काठ इकडे का नाही, ते हिरवं लुगडं त्या निळ्याशेजारी हवं होतं. मी म्हटलं, आई, शिवून झालं. त्यांना ते पटलं नाही. मलाही वाटलं की हिरवं तिथे शोभलं असतं. पण त्या रात्री त्यांच्या काठीनं जे ठरलं त्यावर माझा जास्त भरवसा आहे.

२६ डिसेंबर

काठ लागला. कोपऱ्यांवर अडले होते. कर्नाटकात उत्तर कन्नडातल्या सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या, बायका त्यांच्या कवंदीच्या, म्हणजे गोधडीच्या, चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या त्रिकोणांचं फूल लावतात, त्याशिवाय गोधडी उघडी वाटते म्हणतात. ते त्यांचं आहे, मी घेतलं नाही. उरलेल्या केशरीचे चार साधे चौकोन कोपऱ्यांना लावले.

गच्चीवर थर घातले. खाली चॉकलेटी लुगड्याचं उरलेलं अस्तर, मध्ये दोन जुनी पातळं, वर पदर. कापूस नाही. इथल्या थंडीला चार थर पुरतात, सुरतेला तर थंडी तीही नाही.

२ जानेवारी २०२५

धावदोऱ्यावरून आमचं दोघींचं बोलणं झालं. मला प्रत्येक त्रिकोणाच्या शिवणीलगत, तिरपं शिवायचं होतं, म्हणजे त्रिकोण उठून दिसतील. त्या म्हणाल्या, कडेनं सुरू कर, गोल गोल आत ये. आपली गोधडी तशीच शिवतात. मी हट्टानं एका कोपऱ्यात माझ्या रीतीनं हातभर शिवून पाहिलं. तिरपा दोरा ओढला की पदर उरेब ताणला जातो, आणि आतली मोकळी पातळं सुरकुत्या धरतात. नोव्हेंबरात लिहिलेला नियम इथेही तोच, आणि मी तो विसरले होते. कडेला समांतर गेलं की सुई सरळ धाग्यावर चालते, आणि आतली ढिलाई प्रत्येक फेरीबरोबर मध्याकडे सरकत जाते. उसवलं, कडेपासून सुरू केलं. दोन फेऱ्यांत दोन बोटांचं अंतर.

सकाळी हात गारठतात, ऊन गच्चीवर आल्यावर बसते. शेजारच्या काकू दुपारी येतात, त्या एका बाजूला, मी एका बाजूला. अंदाज काढला, सगळा मिळून ९० मीटरच्या आसपास धावदोरा लागेल.

११ जानेवारी, शनिवार

परवा डॉक्टरांनी सासूबाईंना सुईकामाला हो म्हटलं. दोरा स्वतः ओवला, तिसऱ्या प्रयत्नात. शेवटच्या तीन फेऱ्या, निळ्या तुकड्यांभोवतीच्या, त्यांनी घातल्या. माझे टाके तांदळाच्या दाण्याएवढे, त्यांचे गव्हाच्या. दोरा त्यांनी लाल निवडला. शाईच्या डागावरून दोरा गेला नाही, त्याला वळसा घातला आहे.

गोधडी धुतली, खळ निघून गेली, कापड पुन्हा पहिल्यासारखं मऊ झालं. वाळल्यावर माप साडेसाठ बाय शहात्तर. चौथ्या ओळीतलं कापलेलं टोक मला दिसतं. गच्चीच्या कठड्यावर टाकली होती, खालून जाणाऱ्या दोघी बायका थांबून बघत होत्या.

नणंदबाईंचा फोन झाला. संक्रांतीनंतरच्या रविवारी भाचा येऊन नेईल. तोवर सासूबाई ती पांघरून झोपणार आहेत, तसं त्यांनी सांगून टाकलंय.